आधी दार, मग रिपोर्ट: पाच-सहा मांजरांच्या घरातली आजारपणं

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या मराठी वस्त्यांत मांजरं सहसा कोणी आणत नाही, ती येतात. होळीच्या सुमाराला एखादी भाटी जिन्याखाली विते, पिल्लांतली दोन घरातच राहतात, पुढल्या वर्षी शेजारचा बोका ओट्यावर जेवायला यायला लागतो, आणि आकडा पाच-सहावर जातो. मग त्यातलं एक शिंकायला लागलं की "याला काय झालं" एवढ्यावर भागत नाही. बाकीच्यांना लागलं आहे का, नसेल तर कसं थांबवायचं, कोणाची कोणती चाचणी कोणत्या दिवशी करायची, हे सगळं एकदम अंगावर येतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांना एकत्र फिरू देणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. चाचणीचं उत्तर दोन तासांनी येईल, दोन दिवसांनी येईल, बुरशीच्या कल्चरचं (नमुन्यातली बुरशी वाढवून बघण्याचं) तीन आठवड्यांनीही येईल. दार मात्र आत्ता लावता येतं.

वेगळी खोली

वेगळी खोली म्हणजे दार लागणारी खोली. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेला पिंजरा चालत नाही. मांजराच्या शिंकेतले थेंब साधारण एक ते दीड मीटरपर्यंत जातात, म्हणजे पिंजरा लांब ठेवून शिंक टाळता येईल; पण हात, पायातल्या चपला, वाट्या आणि झाडू टाळता येत नाहीत, आणि बहुतेक लागण तिथूनच होते. टाइल्सची बाथरूम असेल तर उत्तम, कारण ती पूर्ण धुता येते. सोफा, गाद्या, गालिचे असलेली खोली देऊ नये. गच्चीवरची पत्र्याची खोली तर मे महिन्यात मुळीच नको. बाहेर ४२ अंश असताना तापाने आधीच सुकलेलं मांजर तिथे काही तासांत कोसळतं.

त्या खोलीचं सामान त्या खोलीतच राहायला हवं: शी-शूचा ट्रे, स्कूप, दोन वाट्या, जुन्या सुती चादरी, थर्मामीटर, वजनकाटा, कचऱ्याची पिशवी, दारात वेगळ्या चपला आणि खुंटीला एक जुना शर्ट. काम करताना तो शर्ट अंगात, बाहेर पडताना खुंटीला, मग साबणाने हात. सॅनिटायझरवर विसंबू नका. अल्कोहोल पॅनल्युकोपेनियाच्या (पिल्लांना झपाट्याने मारणारा रोग) विषाणूला काहीच करत नाही आणि कॅलिसीवरही (सर्दीचा एक विषाणू) त्याचा भरवसा नाही.

सकाळच्या कामाचा क्रम ठरलेला हवा. आधी पिल्लं आणि गाभण भाटी, मग धडधाकट मोठी मांजरं, मग बरी होत आलेली, मग नवीन आलेलं, आणि आजारी सगळ्यात शेवटी. हा क्रम बहुतेक घरांत पाळला जातो, पण पोछा सगळ्यावर पाणी फिरवतो. बाई एकच बादली, एकच फडकं घेऊन आजारी मांजराच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाते. त्या खोलीची फरशी घरातल्या माणसाने पुसायची, फडकं तिथेच ठेवायचं, आणि बाईंना हे सांगून ठेवायचं.

नवीन मांजर किमान १४ दिवस असं वेगळं ठेवावं, कितीही गोंडस आणि धट्टंकट्टं दिसलं तरी. पॅनल्युकोपेनिया बहुधा १० दिवसांच्या आत लक्षणं दाखवतो, सर्दीचे विषाणू त्याहून लवकर. गजकर्णाला मात्र दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून बाहेर सोडण्याआधी कान, नाक, पंजे आणि शेपटीचं टोक उजेडात नीट बघायचं.

धुण्याचं गणित

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाइल नाहीतर डेटॉल. मांजरांच्या घरात दोन्ही नकोत. फिनॉल जातीची रसायनं पचवणारी यकृतातली यंत्रणा मांजरात तोकडी असते, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटतं. शिवाय फिनाइलने पॅनल्युकोपेनियाचा विषाणू मरत नाही, मग फायदा तरी कोणता?

काम करतं ते ब्लीच. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या द्रव ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ टक्के असतं. लेबल वाचून घ्या. १ लिटर पाण्यात ४० मिली घातलं की हवी तेवढी ताकद मिळते. ब्लीचिंग पावडर असेल तर ताजी, सुमारे ३० टक्के क्लोरीनची, १ लिटरला ५ ते ६ ग्रॅम. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी वापरायचं.

मग ते का फसतं? पहिलं कारण, घाण न काढता ओतलं जातं. विष्ठा, उलटी, केस, धूळ यांत क्लोरीन तिथल्या तिथे खर्च होतं. आधी डिटर्जंटने घासून धुवायचं, पाणी निपटायचं, मगच ब्लीच. दुसरं, लगेच पुसलं जातं. फरशी पूर्ण १० मिनिटं ओली राहायला हवी. तिसरं, परवाचं पाणी वापरलं जातं. पातळ केलेलं ब्लीच उजेडात आणि उन्हाळ्यात फार लवकर उतरतं, तेव्हा रोज ताजं करायचं आणि मूळ बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची. १० मिनिटांनंतर साध्या पाण्याने धुवून, वाळल्यावरच मांजर आत. संडास धुण्याचं ॲसिड किंवा ट्रेमधलं मूत यांच्याबरोबर ब्लीच मिसळलं की विषारी वायू होतो. ट्रे आधी धुवा.

लाकडी फळ्या, दोरीचे खांब, पुठ्ठ्याची खोकी यांवर ब्लीच बसत नाही. पॅनल्युकोपेनिया किंवा गजकर्ण निघालं तर ती सरळ टाकून द्यायची. आजारी मांजराच्या ट्रेमधली वाळू दुहेरी पिशवीत गाठ मारून, डायपरसारखं समजून कचरागाडीच्या सॅनिटरी खान्यात. ओल्या कचऱ्यात नको, त्याचं खत होतं.

पॅनल्युकोपेनिया: इथे तास मोजायचे

बहुमांजरी घराला खरी भीती याचीच. हा मांजरांचा पार्व्हो. पिल्लू आदल्या संध्याकाळी खेळत असतं, सकाळी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं दिसतं, पाणी पीत नाही. १०४ च्या वर ताप, उलट्या, कधी जुलाब. पुष्कळदा जुलाब सुरू होण्याआधीच पिल्लू जातं, म्हणून "जुलाब नाहीत, म्हणजे पार्व्हो नाही" हा हिशोब चुकतो. ताप उतरून अंग १०० फॅरनहाइटच्या खाली गार पडू लागलं तर ती सुधारणा समजू नका, ते फार वाईट लक्षण आहे.

दवाखान्यात बहुधा कुत्र्यांच्या पार्व्होची पट्टी (झटपट चाचणी) वापरतात. ती चालते, दोन्ही विषाणू इतके जवळचे आहेत की पट्टी मांजराच्या विष्ठेतलाही पकडते. तिच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवायच्या. विष्ठेत विषाणू थोडेच दिवस भरपूर असतो, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. लक्षणं जुळत असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, नाहीतर पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी लॅबची चाचणी). आणि जिवंत विषाणूची लस नुकतीच दिली असेल तर पुढचे दोन आठवडेपर्यंत पट्टी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. लसीची तारीख डॉक्टरांना आपणहून सांगा. कार्ड घरी विसरलं तर मोबाइलमध्ये फोटो असू द्या.

पट्टीच्या जोडीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवीच. पांढऱ्या पेशी साधारण साडेपाच हजार ते साडेएकोणीस हजार असायला हव्यात. या रोगात त्या दोन हजारांच्याही खाली जातात. रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिलं असेल तर प्लेटलेटच्या आकड्याने घाबरू नका. मांजरांच्या प्लेटलेट नळीत गोळा होतात, आकारानेही मोठ्या असतात, मशीन त्या चुकीच्या मोजतं. काचेवर पसरलेल्या रक्ताचा थर (स्मीअर) डोळ्यांनी बघायला सांगा.

एका पिल्लाचं निदान झालं की त्याच दिवशी बाकीच्यांकडे वळायचं. लस अर्धवट किंवा माहीतच नाही अशा प्रत्येकाला लगेच लस. या आजारात जिवंत लस काही दिवसांतच संरक्षण देऊ लागते, म्हणून लागण झालेल्या घरातही ती द्यायची. अपवाद गाभण भाटी आणि चार आठवड्यांखालची पिल्लं. जिवंत लसीचा विषाणू गर्भाच्या आणि तान्ह्या पिल्लांच्या लहान मेंदूला इजा करू शकतो, पुढे ती आयुष्यभर डगमगत चालतात. संपर्कातल्या सगळ्यांचं १४ दिवस रोज तापमान, वजन आणि खाणं लिहून ठेवा. पिल्लाचं वजन एका दिवसात घटलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी फोन करा.

एरवीचं वेळापत्रक असं: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर तीन-चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. लोक दोन डोसांवर थांबतात, घोळ तिथेच होतो. आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांनी आधीचे डोस निकामी केलेले असू शकतात. सहा महिन्यांच्या सुमाराला आणखी एक दिला की ही फट बुजते.

हा विषाणू खोलीत वर्षभर टिकू शकतो. त्या घरात पुढचं वर्षभर लस अपुरी असलेलं पिल्लू आणू नये. "फक्त दोन दिवस सांभाळायला" हेसुद्धा नको.

घरात पिल्लू अचानक गेलं आणि बाकीची पिल्लं अजून ठीक असतील, तर शवविच्छेदन करून घेणं फुकट जात नाही. शरीर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की ऊती तपासण्यालायक राहत नाहीत. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथे होईल का हे आधी फोनवर विचारा आणि शक्यतो २४ तासांत पोचवा.

ल्युकेमिया आणि एफआयव्ही: एक पॉझिटिव्ह म्हणजे निकाल नव्हे

मांजरांचा ल्युकेमिया विषाणूने होतो, आणि एफआयव्ही हा मांजराची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू. या दोन्हींची एकत्र पट्टी मिळते, थोड्या रक्तावर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. पण पट्टीचा एक भाग विषाणूचा अंश शोधतो, दुसरा प्रतिपिंडं. ल्युकेमियाचा भाग थेट विषाणूचं प्रथिन पकडतो, म्हणून पिल्लांतही वापरता येतो. एफआयव्हीचा भाग प्रतिपिंडं पकडतो, आणि पिल्लात ती आईच्या दुधातून आलेली असू शकतात. सहा महिन्यांखालचं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर काही ठरवू नका, सहा महिन्यांनंतर पुन्हा करा.

लागण झाल्यावर ल्युकेमिया पट्टीवर दिसायला साधारण ३० दिवस लागतात, एफआयव्हीला ६०. बोक्याशी मारामारी कालच झाली आणि चाचणी आज केली, तर आजचं निगेटिव्ह फक्त महिना-दोन महिन्यांपूर्वीपर्यंतचं सांगतं. नवीन मांजर आल्या आल्या एकदा आणि ६० दिवसांनी पुन्हा, हे सगळ्यात सुटसुटीत.

आता पॉझिटिव्हचं. समजा हजार मांजरं आहेत, त्यांतल्या दहांना खरोखर लागण आहे, आणि पट्टी १०० पैकी ९८ वेळा बरोबर सांगते. ती दहाही आजारी पकडेल, पण उरलेल्या ९९० निरोगींतली वीसेक चुकून पॉझिटिव्ह दाखवेल. तीस पॉझिटिव्ह, त्यांतली वीस खोटी. म्हणून दिसायला ठणठणीत, घरातच राहणाऱ्या मांजराची पट्टी पॉझिटिव्ह आली तर वेगळ्या कंपनीची पट्टी किंवा पीसीआर करून खात्री करायची. तोवर दार बंद ठेवायचं, बाकी कुठलाही मोठा निर्णय नाही.

खात्री झाल्यावर दोघांचे रस्ते वेगळे होतात. ल्युकेमिया लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, सामाईक वाटीतून पसरतो; त्या मांजराने निगेटिव्ह मांजरांपासून कायम वेगळं राहावं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो. नसबंदी झालेली, आपसात न भांडणारी मांजरं असतील तर एफआयव्ही पॉझिटिव्ह त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं सुखाने राहू शकतं. अशा मांजराला बाहेर हाकलणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण चावे बाहेरच होतात.

चाव्यावरून आठवलं: अनोळखी किंवा रेबीजची लस नसलेल्या मांजराने माणसाला ओरबाडलं किंवा चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनासाठी जायचं. मांजर ओळखीचं वाटतं म्हणून हे टाळू नका.

शिंका, डोळे, तोंड

इथे चाचणीवर पैसे कमी घालावेत असं मी म्हणेन. हर्पिस आणि कॅलिसी हे सर्दीचे विषाणू अनेक निरोगी दिसणाऱ्या मांजरांतही पीसीआरवर सापडतात, आणि साध्या सर्दीत उत्तर काहीही आलं तरी उपचार फारसे बदलत नाहीत. डोळ्यावर व्रण, जिभेवर फोड आणि लंगडणं, हटता न हटणारी सर्दी, किंवा एकामागून एक मांजर गंभीर होणं, अशा वेळी जरूर पाठवा. क्लॅमायडिया (डोळे चिकटवणारा जिवाणू) निघाला तर मात्र उत्तराने सगळंच बदलतं: घरातल्या प्रत्येक मांजराला चार आठवडे औषध (बहुधा डॉक्सीसायक्लिन) द्यावं लागतं, नुसत्या चिकट डोळ्यांच्या एकाला नाही. डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडी कधीच देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकून भाजते, पुढे नळी आखडते. गोळीमागून सिरिंजने ५-६ मिली पाणी, हळूहळू.

हर्पिस एकदा शिरला की जन्मभर लपून राहतो आणि ताणाखाली जागा होतो, तेही लगेच नाही, आठवडाभराने. दिवाळीचे फटाके किंवा रंगपंचमीच्या गेरचा (राजवाड्याकडे निघणाऱ्या मिरवणुकीचा) गोंगाट संपून सगळं शांत झालं की शिंका सुरू होतात, आणि घरचे म्हणतात हवा बदलली. राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर त्या दिवसांत नवीन मांजर आणू नका, नसबंदीही पुढे ढकला.

घरगुती उपायांत तीन गोष्टी जीवघेण्या आहेत. पॅरासिटामॉल: एक गोळी मांजराला मारू शकते, लहान मुलांच्या सिरपमध्येही तेच असतं. ओवा-कापराची पुरचुंडी आणि निलगिरीचं तेल: वाफ द्यायची तर नुसत्या गरम पाण्याची, बाथरूम बंद करून दहा मिनिटं. आणि कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध. सर्दीने नाक बंद झालं की मांजर खात नाही, कारण त्याला वास येत नाही. नाक पुसून, खाणं कोमट करून द्या. मोठं मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढू लागते, लठ्ठ असेल तर लवकरच.

एफआयपी आणि टायटरचा घोळ

एफआयपी म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूतून उद्भवणारा गंभीर आजार. पोट फुगलेलं, आत पिवळसर चिकट पाणी, ताप अँटिबायोटिकला न जुमानणारा, वय दोनच्या आत: एफआयपीचा संशय रास्त. पण रक्तातला कोरोना टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) करून "पॉझिटिव्ह, म्हणजे एफआयपी" असं कोणी सांगितलं तर थांबा. पाच-सहा मांजरांच्या घरात साधा आतड्यातला कोरोना बहुतेकांना कधीतरी होऊन गेलेला असतो. तो शरीरात बदलून एफआयपी होणं थोड्याच मांजरांत घडतं. अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या रक्तातल्या दोन प्रथिनांचं प्रमाण बघा: ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर एफआयपी बहुधा नाही.

पोटातलं पाणी काढलं असेल तर डॉक्टर रिव्हाल्टा नावाची चाचणी तिथल्या तिथे करू शकतात. पारदर्शक नळीत ७-८ मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब घालून हलवायचं, मग वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. थेंब विरघळला तर एफआयपी जवळजवळ नाहीच. आकार धरून वर चिकटला किंवा जेलीसारखा खाली उतरला तर पॉझिटिव्ह. पण जिवाणूंच्या संसर्गातही तसं होतं, म्हणून पुढची तपासणी हवी. आता विषाणूविरोधी औषधांनी पुष्कळ मांजरं बरी होतात, ठरलेला कोर्स ८४ दिवसांचा, तेव्हा निदानात वेळ घालवू नये. या मांजराला बाकीच्यांपासून तोडायची सहसा गरज नसते. काम करायचं ते ट्रेवर: मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त, दिवसातून दोनदा साफ, खाण्याच्या जागेपासून लांब.

गजकर्ण

एकाला दिसलं तरी नमुना सगळ्यांचा. प्रत्येकासाठी नवा टूथब्रश, पूर्ण अंगावरून दोन-तीन मिनिटं फिरवायचा, वेगळ्या झिप पिशवीत नाव लिहून. काही मांजरांच्या केसांवर नुसते बीजाणू बसलेले असतात, चट्टा कुठेच नसतो. वुड्स लॅम्पखाली (अतिनील किरणांच्या दिव्याखाली) केसाचा दांडा हिरवा चमकला तर धरा. खपली किंवा मलम चमकतं ते सोडून द्या. डीटीएमचा (बुरशी वाढवायच्या रंग बदलणाऱ्या माध्यमाचा) रंग लाल झाला एवढ्यावर निदान होत नाही, बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावी लागते.

उपचार दोन्हीकडून: डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं इट्राकोनाझोल पोटातून, आणि क्लोरहेक्झिडिन-मायकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली खाजेची क्रीम लावू नका. लाली जाते, बुरशी पसरते, आणि मांजर ती चाटतं ते वेगळंच. घरातल्या माणसांनाही चट्टे येऊ शकतात, आले तर त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला मांजराचं सांगावं.

नमुना पाठवताना

डोळ्याचा स्वॅब रंगाचे किंवा बधिर करण्याचे थेंब घालण्याआधी घ्यायचा, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी तर नक्कीच. पीसीआरला साधा कोरडा स्वॅब. जेलवाला जिवाणू-कल्चरचा स्वॅब चालत नाही. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत, हळूच उलटसुलट करून, फ्रिजमध्ये, पण गोठवायचं नाही. कुरियरमध्ये बर्फाची पिशवी आणि नळी यांच्यात कागदाचा थर हवा. शुक्रवारी-शनिवारी पाठवू नका, मे महिन्यात रविवारभर गोदामात पडलेला नमुना म्हणजे वाया गेलेले पैसे. ट्रायट्रायकोमोनास या जुलाब करणाऱ्या आतड्यातल्या जंतूसाठीची विष्ठा मात्र फ्रिजमध्ये ठेवायची नाही, थंडीत तो जंतू मरतो.

सामाईक ट्रेमध्ये जुलाब कोणाचे, हे कळत नसेल तर संशयित मांजराच्या ओल्या खाण्यात बिनविषारी मेणखडूचा चिमूटभर किस घाला. रंगीत कण ज्यात दिसतील ती विष्ठा त्याची.

दार उघडण्याच्या तारखा प्रत्येक आजाराच्या वेगळ्या. सर्दीत लक्षणं पूर्ण गेल्यावर आणखी दोन आठवडे. पॅनल्युकोपेनियातून वाचलेलं पिल्लू सहा आठवडे, कारण तेवढा काळ विष्ठेतून विषाणू जाऊ शकतो. बाहेर सोडण्याआधी त्याला कोमट पाण्याने, सौम्य शाम्पूने आंघोळ, केसांत अडकलेलं धुऊन निघावं म्हणून. गजकर्णात चट्टा भरून आल्यावर नाही, कल्चर निगेटिव्ह आल्यावर. घरात लहान मूल असेल तर लागोपाठ दोन.